दोन मुठींचा डबा

...आणि वर मलाच म्हणतात, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय! माझ्या! छत्तीस वर्षं खिळ्याचं मशीन चालवलं मी, दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, हे बघा, मोजून घ्या... आणि माझ्या डोक्यावर परिणाम? का? तर म्हणे, कानाचं यंत्र आणायला पाठवलं होतं आणि हे खेळाचा डबा घेऊन आले. बरं, आणला. चोरून आणला का? पावती आहे. दोन वर्षांची गॅरंटी आहे. कानाच्या यंत्राला एकच वर्षाची होती. मग डोकं कुणाचं ठिकाणावर?

तुम्हाला सांगतो, मी खेळणारा माणूस नाही. पत्ते खेळलो नाही, कॅरम खेळलो नाही, पोरं लहान असताना घोडा घोडासुद्धा केला नाही, गुडघ्याला वेळच नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण यंत्र मला कळतं. माणसांचं तेवढं नाही सांगता येत, पण यंत्र समोर आलं की पाच मिनिटांत कळतं, हे कामाचं आहे की नुसतं बोलघेवडं आहे.

आमचं खिळ्याचं मशीन. तुम्ही कधी बघितलं नसेल. तारेचं भेंडोळं एका बाजूला लावायचं, तार सरळ होत आत जाते, एका ठोक्याला डोकं होतं, दुसऱ्या दाबाला टोक होतं, की पडला खाली. मिनिटाला अडीचशे. त्या मशीनला दुसरं काही येत नव्हतं. स्क्रू येत नव्हता, हूक येत नव्हता. तार आत, खिळा बाहेर. छत्तीस वर्षं. एक काम, पण असं करायचं की पंचाईत नाही. मालकाच्या मुलाने एकदा कुठूनसं एक सर्वगुणसंपन्न मशीन आणलं होतं, खिळेही करेल, हूकही करेल, स्क्रूही करेल! तीन महिने सगळे झटले त्याच्यामागे. खिळा वाकडा, हूक सरळ, आणि स्क्रू... जाऊ द्या. शेवटी ते कोपऱ्यात गेलं आणि लोक त्याच्यावर डबे आणि शर्ट टांगायला लागले. तेवढं एक काम मात्र त्याने चोख केलं.

तर त्या खिळ्यांच्या आवाजाने माझे कान गेले, असं डॉक्टर म्हणतो. मी म्हणतो, गेले नाहीत, थकलेत. जाड आवाज येतात मला. ट्रक गेला, येतो. कुत्रं भुंकलं, येतं. चिरंजीव बोलतात, येतं, त्यांचा आवाज माझ्यावर गेलाय. बारीक आवाज तेवढे येत नाहीत. दारावरची घंटा नाही. कुकरची शिट्टी नाही. आणि ही... म्हणजे आमची ही... हिचा आवाज बारीक आहे. लग्नापासूनच. त्यात माझा काय दोष?

बरं, ओठ वाचता येतात मला. कारखान्यात सगळ्यांनाच यायचे, तिथे ऐकू कुणाला येत होतं? पण त्यासाठी समोरच्याने तोंड दाखवायला नको? ही बोलणार कशी, तर ओट्याकडे तोंड करून. भिंतीला सांगते आणि उत्तर माझ्याकडून पाहिजे! मग मी काय करायचो? 'हो' म्हणायचो. कधी 'बरं.' कधी 'बघू.' ह्या तीन शब्दांवर माणूस अख्खा संसार रेटू शकतो, तुम्हाला सांगतो. मी आठ वर्षं रेटला.

तर एके दिवशी सकाळी बघतो, पलंगावर बॅग. मोठी. माळ्यावरची. पुसूनबिसून उघडी ठेवलेली, आत हिची साडी घडी घालून. मी चिरंजीवांना विचारलं, "कोण चाललंय?"

"आई. ताईकडे. तीन महिने. वीस तारखेला."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तीनदा सांगितलं तिने तुम्हाला. तुम्ही पहिल्यांदा 'हो' म्हणालात, दुसऱ्यांदा 'बरं' म्हणालात."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा 'बघू' म्हणालात. तेव्हा ती रडली जरा."

आता बोला. जायची परवानगी मीच दिलेली, तीही तीन-तीनदा, आणि मलाच पत्ता नाही. मी विचारलं, "पण कशासाठी? लेकीचं काही दुखतंखुपतं का?" तर चिरंजीव खाली बघायला लागले. खाली बघितल्यावर मला ओठ दिसत नाहीत, हे त्यांना चांगलं माहीत आहे. मी हनुवटी धरून वर केली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात चाळीस जण हाताखाली, पण हनुवटी माझ्या हातात. म्हणाले, "ती म्हणते, इथे बोलायला कुणी नाही."

चहा गार झाला होता. तसाच प्यायलो.

मग ठरलं, बाबांनी कानाचं यंत्र घ्यायचं. आठ वर्षं नको म्हणत होतो, म्हटलं बरं, जातो. चिरंजीव म्हणाले, "मी येतो बरोबर." मी म्हटलं, "छत्तीस वर्षं एकटा कामावर गेलो, दुकानात एकटा जाऊ शकतो." गेलो.

कानाच्या यंत्राचं दुकान म्हणजे काचेचं, थंडगार, आवाज नाही बिवाज नाही, म्हणजे निदान मला तरी नाही. एक बाई होत्या, छान होत्या, समोर तोंड करून बोलत होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या हातात वाटाण्याएवढं काहीतरी ठेवलं आणि सुरू झाल्या. "काका, हे फोनला जोडता येतं. गाणी ऐकता येतात. दिवसाला किती पावलं चाललात ते मोजतं. हवामान सांगतं. तुम्ही कुठे पडलात, तर मुलाच्या फोनवर लगेच कळवतं!"

मी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे बघून घेतलं. मग विचारलं, "ह्याने मला ऐकू येतं का?"

म्हणाल्या, "हो, तेही."

तेही! बघा म्हणजे. तेही! चप्पल घ्यायला गेलो आणि दुकानदार म्हणाला, ही दिवा लावते, वेळ दाखवते, आणि हो, पायातही जाते! मी त्यांना त्या शर्ट टांगायच्या मशीनचं सांगणार होतो, पण बाई चांगल्या होत्या, उगाच कशाला. वाटाणा परत केला, उठलो, बाहेर आलो.

आता बाहेर आलो तर घरी काय सांगायचं? पाय काही उचलेनात. शेजारीच एक दुकान, खेळांचं. काचेतून आत बघितलं तर एक दाढीवाला, चांगला पोट सुटलेला, चाळिशीचा माणूस, स्टुलावर बसलाय, दोन्ही हातांत बटणांची एक मूठ धरलीय, तोंड उघडं, समोर टीव्ही, टीव्हीत तळं. दुकानात दुसरं कुणी नाही. मी आत गेलो. सावलीला. मी खेळणारा माणूस नाही, हे मी आधीच सांगितलंय.

"या काका," म्हणाला. आवाज जाड. स्वच्छ ऐकू आला. मला माणूस तिथेच आवडला.

मी विचारलं, "ह्याच्यात काय काय होतं?"

तर बिचारा वरमला हो. लाज वाटल्यासारखा सांगायला लागला, "काका, खरं सांगू का... ह्याच्यात फक्त गेम चालतात. पिक्चर, गाणी, इंटरनेट सगळं हवं असेल तर ते वरचं मॉडेल बघा. हे आपलं... फक्त खेळायचं आहे."

"फक्त?"

"फक्त."

"बातम्या दिसतात?"

"नाही."

"कुणाचा फोन येतो?"

"नाही."

"मी पडलो तर कुणाला कळवतं?"

विचारात पडला. "नाही काका. तुम्ही पडलात तर हे... चालूच राहील."

मी म्हटलं, दाखव.

त्याने एक कॅसेट घेतली, बिस्किटाएवढी, खाचेत सरकवली, बटण दाबलं. खेळ सुरू. विचारणं नाही, नाव-गाव नाही, 'मान्य आहे का' नाही, 'आधी हे बघा, मग ते बघा' नाही. तुम्हाला सांगतो, मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कॅसेट आत, खेळ बाहेर. तार आत, खिळा बाहेर! मी मनात म्हटलं, अजून आहेत. अशी यंत्रं बनवणारे अजून आहेत कुठेतरी जिवंत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. खेळ मासे धरायचा होता. गळ टाकायचा, थांबायचं, मासा लागला की ओढायचा. त्याने मूठ माझ्या हातात दिली. मी धरली. आणि... कसं सांगू... मूठ थरथरली. बारीक. आतून. मासा गळाला तोंड लावत होता, तेव्हा ती मूठ थरथरली आणि माझ्या तळहाताला अकरा वर्षांनी जाग आली.

कारण आम्ही मशीन कानाने चालवत नव्हतो हो. त्या आवाजात कान कशाला? मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचा. ठोकणारा पंच झिजला की एक थरथर, तार वाकडी आली की दुसरी, तेल संपलं की तिसरी. नवीन माणसाला वर्षं लागायची, मला झोपेत कळायचं. निवृत्त झालो त्या दिवसापासून ह्या हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. दाराची कडी, चहाचा कप, पिशवी... सगळं मुकं. आणि ही मूठ बोलत होती. मी डोळे मिटले. दाढीवाला म्हणतो, "काका, स्क्रीनकडे बघा!" मी म्हटलं, गप्प बस. टकटक, टकटक... हा छोटा आहे, कुरतडतोय. जाऊ दे. मग टकटक थांबली आणि एक जड ओढ आली, खालून. मी दाबलं. मोठा मासा! दाढीवाला स्टुलावरून उठला. म्हणाला, "मी दोन आठवडे ह्याच्या मागे आहे!"

मी विचारलं, "ही दुसरी मूठ कशाला?"

"दुसऱ्या खेळाडूसाठी, काका."

"तो बरोबर मिळतो का?"

हसला. "नाही, तो तुम्हाला घरूनच आणावा लागेल."

म्हणून घेतला. आता तुम्हीच सांगा, ह्यात डोक्यावर परिणाम कुठे आला?

घरी चिरंजीवांनी पेटी उघडली आणि बघतच राहिले. "बाबा, कानाचं यंत्र आणायला पाठवलं होतं ना?"

"होय."

"मग हे काय आहे?"

"हे चांगलं आहे."

"ह्याच्यावर पिक्चर लागतो?" नाही. "इंटरनेट?" नाही. "मग ह्याचा उपयोग काय?" मी म्हटलं, खेळायचं. "अहो बाबा, खेळ फोनवर फुकट मिळतात!" मी म्हटलं, फोनवर फोन येतो. आणि फोनला मूठ एकच. फोन घेतला की माणूस कोपऱ्यात जातो, आपल्या घरात तीन माणसं तीन कोपऱ्यांत बसतात, चौथा कोपरा भरायला माणूस नाही म्हणून बरं. हा डबा एका जागी राहतो. माणसाने उठून त्याच्याकडे जायचं, शेजारी बसायचं. हा काही खिशात येऊन तुमच्या मागे लागत नाही. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. मी एका दमात इतकं बोलण्याची त्यांना सवय नाही. तार जोडून दिली मुकाट्याने. आणि ही? ही दारात उभी होती. बॅगेत अजून एक साडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसलो होतो गळ टाकून. ही येऊन टीव्हीसमोर उभी राहिली. कमरेवर हात. तोंड माझ्याकडे, म्हणून सगळं दिसलं. "अहो, माझी मालिका लागायची वेळ झाली." आता माझ्या गळाला मासा तोंड लावत होता. ही बाजूला व्हायला तयार नाही. भांडायला वेळ नव्हता. मी दुसरी मूठ उचलली, तिच्या हातात दिली आणि बाजूची जागा दाखवली. ती बसली. मला वाटतं, ती आश्चर्याने बसली.

तुम्हाला सांगतो, तिला काही जमेना. मासा लागून निघून जायचा, मग ही ओढायची. रिकामा गळ. पुन्हा रिकामा. पुन्हा. मला म्हणाली, "तुम्हाला आधी कसं कळतं?" मी म्हटलं, बोटांनी धरू नकोस, तळहात टेकव. "टेकवलाय की." कुठे टेकवलाय, चिमटीत धरलाय, गरम झाकण धरल्यासारखा! शेवटी तिचा हात धरला, माझ्या मुठीवर ठेवला, वर माझा हात ठेवला. म्हटलं, थांब. आता येईल. आली थरथर. तिचे डोळे असे झाले. म्हणाली, "अगं बाई."

किती वर्षांनी हात धरला, ते विचारू नका. मला आठवत नाही, आणि तिला विचारायची सोय नाही, ती तारीख सांगेल.

मग तिला जमायला लागलं. आणि जमायला लागल्यावर नवीन अडचण. ही ओरडणार. मासा लागला की ओरडणार, सुटला की ओरडणार, मला काहीतरी सांगणार, आणि डोळे टीव्हीवर, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मी म्हणणार, "काय?" तोपर्यंत मासा पसार. असं चार-पाचदा झालं. आणि मग, मला कळलंही नाही, माझा हात आपोआप उठला आणि मी कारखान्याची खूण केली. मूठ वळून दोनदा हवेत ठोकायची. म्हणजे, 'तयार राहा.'

"हे काय?" ही म्हणाली.

मी सांगितलं. मग तिने विचारलं, 'सुटला' कसं म्हणायचं? पंजा उघडून खाली झटकायचा, तार तुटली की आम्ही करायचो. 'मोठा आहे'? कोपरावर हात ठेवायचा. 'मालक येतोय'? दोन बोटं चालवून दाखवायची. म्हणाली, "हे कशाला लागेल?" म्हटलं, असू दे. कारखान्यात आमची अख्खी भाषाच होती हाताची. बावीस मशीनं, मधे माणसं, आणि सगळा कारभार हातांवर. समोरच्या मशीनवाल्याशी मी सव्वीस वर्षं बोललो, त्याच्या मुलीचं लग्न, त्याच्या बापाचं आजारपण, माझं घर, सगळं. त्याचा आवाज कसा होता, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

हे सगळं मी तिला सांगत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्याला सव्वीस वर्षं सांगितलंत. मला एक खूण शिकवली नाहीत."

मी गळ टाकला.

पण पोरीसारखी शिकली हो! चार दिवसांत वीस-पंचवीस खुणा. जेवायला चला, दार उघडा, दूध उतू गेलं, नळ बंद करा. काही तिने स्वतःच काढल्या. नाकावर बोट ठेवून डोळे फिरवायचे म्हणजे चिरंजीव चिडलेत. मी खूश होतो. संध्याकाळी एक तास डबा, शेजारी ही, दोन मुठी, एक होडी. मालिका बंद पडली ती पडलीच. आणि बॅग? बॅग तिथेच होती. उघडी. सतरा तारीख आली, अठरा आली. मी रोज येता-जाता बघायचो. विचारलं नाही. काय विचारणार? 'जाऊ नकोस' ह्याला आमच्याकडे खूण नव्हती. कारखान्यातून कोण कुठे जाणार होतं?

एकोणीस तारखेला ही मुठी घेऊन बसली आणि माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आज पैज. प्रत्येकी तीन गळ. ज्याचा मासा मोठा तो जिंकला. मी हरले तर जात नाही. तुम्ही हरलात तर कानात यंत्र घालायचं."

मी म्हटलं, कबूल. लगेच म्हटलं. कारण सरळ होतं, मी हरणारच नव्हतो. मी खेळणारा माणूस नाही, पण हा खेळ नव्हताच माझ्यासाठी, हे माझं काम होतं. तिचे तीन गळ झाले. पहिला रिकामा, दुसऱ्याला बोटभर चिंगळी, तिसऱ्याला बऱ्यापैकी. साडेचार किलो. ठीक. मी पहिला टाकला, छोटा. दुसरा, घाई झाली, सुटला. हात जरा घामेजला होता, खोटं कशाला सांगू. तिसरा टाकला. थांबलो. डोळे मिटणार होतो, पण म्हटलं, आज उघडे असू देत. आणि आली... टकटक नाही, काही नाही, एकदम खालून जड, संथ ओढ, अख्ख्या मुठीतून कोपरापर्यंत. असा मासा त्या तळ्यात आहे हे दाढीवाल्यालासुद्धा माहीत नसेल. मी म्हटलं, झालं. राहिली ही. अंगठा बटणावर गेला...

आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मला दिसलं, हिने मूठ खाली ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

आता तुम्हाला त्या खुणेचं सांगायला पाहिजे. दोन्ही हात डोक्यावर फुली म्हणजे, मशीन थांबव, माणूस अडकलाय. ती खूण दिसली की विचार करायचा नसतो. हात आधी निघतो, डोकं मागून येतं. माझी बाही एकदा तारेबरोबर आत चालली होती, मला पत्ता नव्हता, समोरच्याने फुली केली, माझा हात गेला, मशीन थांबलं. ही उजव्या हाताची दोन बोटं त्या फुलीची आहेत. आणि ती खूण खोटी करायची नाही. चेष्टेतसुद्धा नाही. एकाने केली होती, त्याच्याशी सगळा कारखाना महिनाभर बोलला नाही, म्हणजे हातसुद्धा हलवला नाही कुणी.

तर मी काय केलं असेल? मूठ टाकली! दोन्ही हात वर! मूठ पडली फरशीवर, खडखड फिरली, आणि टीव्हीत माझा मासा गेला, शेपटी दाखवून गेला. साडेचार किलो जिंकले.

मी उभा राहिलो. असा संताप आला मला. म्हटलं, "ही खूण खोटी करायची नसते! सांगितलं होतं तुला!" आवाज चढला असणार, कारण चिरंजीव दारात आले.

ही बसलेलीच होती. हात डोक्यावरून खाली घेतले नव्हते. मला म्हणाली, "खोटी कुठे केली?"

"कोण अडकलंय इथे?"

"मी," म्हणाली. "आठ वर्षं झाली. तुमचं मशीन काही थांबतच नाही."

चिरंजीव गुपचूप आत गेले.

मी खाली बसलो. मूठ उचलली, बघितली, तडा गेला नव्हता. चांगली बनवलीय, सांगितलं ना. मग बराच वेळ तो डबा आपला चालूच होता, तळं चमकत होतं, आणि आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. गळ कुणीच टाकला नाही. मग मी म्हटलं, "उद्या जातो कानाच्या दुकानात." आणि ती उठली, आत गेली, बॅगेतल्या साड्या कपाटात ठेवायला लागली.

आता कपाटाचं दार लावेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, बघा. मी हरलो तर यंत्र घालायचं, आणि यंत्र घातलं की बोलायला माणूस आलं, म्हणजे ती राहणार. ती हरली तरी राहणार. मासा कुणाचाही मोठा असता तरी ती राहणारच होती! मग पैज कसली? मी तिला विचारलं. म्हणाली, "तुम्हाला पैजेशिवाय काही कबूल करता येतं का?"

दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंना म्हटलं, मला नुसतं ऐकायचं यंत्र द्या. बाकी काही न येणारं. म्हणाल्या, "काका, तसलं आता कुणी घेत नाही." मी म्हटलं, मी घेतो. खालच्या खणातून शोधून काढलं एक, बदामाएवढं, रंग उडालेलं. बाहेरचा आवाज, कानाच्या आत. बस. घातलं कानात.

घरी आलो. फ्रिज घुरघुरतो, मला माहीत नव्हतं. चिरंजीवांची चप्पल चुकचुक करते. त्या डब्याला गाणं आहे हो! तळ्यावर सगळा वेळ कुणीतरी बासरीसारखं वाजवत असतं, आणि मी इतके दिवस बहिरा बसून मासे धरत होतो. मग ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. ओट्याकडे तोंड करून. आणि मला ऐकू आलं.

तिचा आवाज म्हातारा झालाय. थोडा चिरकतो शेवटी. माझ्या डोक्यात अजून जुनाच होता, आठ वर्षांपूर्वीचा, तोच मी ऐकत बसलो होतो. दारातच थांबलो जरा.

ती वळली. "आलं ऐकू?"

"आलं."

"नीट?"

"नीट."

हात पुसले तिने. गॅस बंद केला. स्टूल ओढलं, माझ्यासमोर ठेवलं, म्हणाली, "मग बसा."

म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, आठ वर्षं जे जे सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत, ते सगळं पुन्हा सांगायचंय. पहिल्यापासून. क्रमाने. आणि सुरुवात केली हो! कुठल्या भाचीने काय म्हटलं, शेजारणीने चाळणी नेली ती कशी परत दिली, तिचा गुडघा पहिल्यांदा कधी दुखला, एका दुपारी तिला विनाकारण कशी भीती वाटली होती... एकेक. काही म्हणजे काही विसरलेली नाही. रोज संध्याकाळी एक तास मासे, आणि मग मुठी खाली ठेवून हे. महिना झाला. सध्या आम्ही तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आहोत. अजून जवळजवळ सहा वर्षं ऐकायची आहेत, आणि माझं वय बहात्तर... म्हणून म्हटलं, तब्येत सांभाळायला हवी.